मेणवलीचा वाडा, तेथील घंटा व आपण



वाईहून कृष्णेच्या कांठानें कोसभर गेलें कीं मेणवली नांवाचें खेडें लागतें. गेल्या हिवाळ्यांत वाईस उपदेशकांची एक सभा भरली होती. आमच्या भागांतील आठ-दहा उपदेशक, मंडळ्यांतील कांहीं वडील व थोड्या स्त्रिया असे आम्ही तिला गेलों होतों. सभा आटोपली, परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून नाना फडणविसांचा वाडा पाहून यावा असें सर्वांच्या मतें ठरलें. जुनीं घरें पाहावयाची मला आवड आहे. परंतु त्या दुपारीं जो प्रश्न माझ्या मनांत शिरला तो घर पाहून संपणारा नव्हता. तो आपणांपैकीं पुष्कळांच्या घरचा प्रश्न आहे असें वाटल्यावरून येथें मांडितों.

वाड्याच्या दरवाजाशींच पहिला अडथळा आला. आमच्यांतील एक तरुण उपदेशक बाहेरच थांबला. ‘पाळकसाहेब, आपण पाहून या, मी येथें झाडाखालीं बसतों,’ असें तो म्हणाला. प्रकृति बरी नाहीं काय, असें मीं विचारिलें.

‘प्रकृति उत्तम आहे,’ तो म्हणाला. ‘परंतु ज्या दारानें माझ्या खापरपणजोबास आंत घेतलें नसतें, त्या दारांत मीं आज चपला काढून कौतुकानें कां शिरावें? लांकडाची मोळी टाकावयास त्यास मागल्या आवारापर्यंत येऊं दिलें असतें, तेंही सूर्य डोक्यावर असतांना.’

सूर्याचा उल्लेख त्यानें कां केला हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. पेशवाईंत सकाळीं व सायंकाळीं, सांवली लांब पडते म्हणून, महारमांगांस पुणें शहराच्या वेशींत शिरूं देत नसत असें सांगतात. आमच्याबरोबर एक वयोवृद्ध वडील होते. त्यांस तरुणाचें बोलणें रुचलें नाहीं. ते म्हणाले, ‘अरे बाबा, दोनशें वर्षांमागचीं मढीं कशास उकरतोस? गेलें तें गेलें. दगडलांकूड कोणाची जात विचारीत नाहीं. चल आंत.’ तरुण हंसला, पण उठला नाहीं. आम्ही त्यास तेथें सोडून आंत गेलों.

वाडा खरोखर पाहण्याजोगा आहे. एकामागून एक सहा चौक. सागवानी खांब व तुळया. जाड भिंती, ज्यांच्या आडोशास भर दुपारींही गारवा असतो. आणि कांहीं दालनांत नैसर्गिक रंगांनीं काढिलेलीं चित्रें, जीं पुसट झालीं तरी अजून ओळखूं येतात. वाड्यामागें कृष्णेचा अर्धचंद्राकार घाट व त्यावर देवालयें आहेत. वाडा अद्याप त्याच घराण्याकडे आहे. आतां तेथें येणाऱ्या पुष्कळांस इतिहासाची चौकशी नसते. २००४ सालीं निघालेल्या ‘स्वदेस’ नामक चित्रपटांतील अमुक प्रसंग कोणत्या ओट्यावर घेतला एवढेंच तीं विचारितात. आमच्यांतील दोघां भगिनींनींही तेंच विचारिलें, हें कबूल केलें पाहिजे.

ज्यांच्या नांवानें हें घर ओळखलें जातें ते बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस १७४२ सालीं साताऱ्यास जन्मले. वडील १७५६ सालीं वारले तेव्हां चौदा वर्षांच्या ह्या मुलाच्या हातीं पेशव्यांच्या फडणिशीची लेखणी आली. मेणवली गांव त्यांस १७६८ च्या सुमारास मिळालें. पुढें नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनानंतर बारभाईंचें कारस्थान, १७७४ सालीं जन्मलेल्या सवाई माधवरावांचें रक्षण, १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई, हा सर्व इतिहास शाळेच्या पुस्तकांत आहे. शेवटीं दौलतराव शिंद्यांनीं त्यांस कैद करून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत ठेविलें; सुटका झाली, परंतु १८०० सालच्या मार्चांत पुण्यास ते वारले.

मला ह्या कारस्थानांपेक्षां त्यांच्या एका लहानशा लेखाचें अधिक अगत्य वाटतें. नानांनीं आपलें आत्मचरित्र लिहिलें आहे. तें पानिपताच्या प्रसंगापर्यंत येऊन थांबतें. त्यांत त्यांनीं आपल्या तारुण्यांतील मनाचे विकार झांकून ठेविले नाहींत. पानिपतावर १७६१ सालीं ते अठरा वर्षांचे होते, आई व पत्नी बरोबर होत्या. सैन्य मोडलें, हा तरुण जीव घेऊन निघाला. पत्नी पुढें सुखरूप मिळाली, आई कायमची अंतरली. एवढ्या मोठ्या कारभाऱ्यानें आपण पळालों हें आपल्या हातानें लिहावें, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या मंडळ्यांत पापकबुलीवर उपदेश करणारे आपण, आपल्या चरित्राचीं किती पानें असें मोकळेपणें लिहूं?

पण घर एकट्या धन्याचें नसतें. नानांचीं नऊ लग्नें झालीं. शेवटची पत्नी जिऊबाई त्यांच्या मृत्युसमयीं अगदीं कोंवळी मुलगी होती. नव्या पेशव्यांचा लोभ मृताच्या संपत्तीवर. अशांत ह्या बालविधवेचें काय झालें असतें तें सांगावयास नको. सर आर्थर वेलस्ली, जे पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आले, त्यांनीं मध्यें पडून तिचें संरक्षण केलें व इंग्रजांकडून तिला सालीना १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली. तिनें पुढें दत्तक घेतला, आणि त्यायोगें घराणें चाललें. म्हणजे आज ज्यांस आपण नानांचे वंशज म्हणतों ते रक्तानें नव्हेत, दत्तविधानानें त्यांचे वारस आहेत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी. पुढें तिचें काम आहे.

आणखी माणसें होतीं. पेशवाईंत कुणबिणी विकत घेण्याची व देण्याची वहिवाट होती. मोठ्या घरांतून त्या दळीत, पाणी भरीत, शेण काढीत. आपल्या देशांत गुलामगिरीस कायद्याचा आधार १८४३ पर्यंत होता. पाथरवट, सुतार, गवंडी, आणि वेठीस धरून दगड व लांकूड वाहणारे गांवोगांवचे लोक ह्यांच्याशिवाय त्या काळीं एकही मोठें घर उठत नसे. ह्या सर्वांस त्या काळचे लोक घराचे रहिवासी मानीत नसत. मीं एका खांबास हात लावून हा विचार करीत उभा होतों, इतक्यांत बाहेरून हांक आली कीं घंटा पाहावयास चला.

ही घंटा घाटावरील देवालयाजवळ टांगलेली आहे. ओतीव, प्रचंड, आणि तिच्यावर येशू बाळास घेतलेल्या मरियेची उठावाची आकृति व १७०७ हें साल. चिमाजी आप्पांनीं १७३९ च्या मे महिन्यांत पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां तेथील देवळांच्या, म्हणजे ख्रिस्ती मंदिरांच्या, घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या व निरनिराळ्या देवस्थानांस दिल्या गेल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकींच मानली जाते. भीमाशंकरासही अशी एक घंटा आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा तर मोठ्या आवाजाच्या माणसास उद्देशून म्हणीसारखीच वापरली जाते. तिच्यावर १७२१ कोरलें आहे.

त्या आकृतीकडे पाहून आमच्यांतील एक आजीबाई, ज्यांस अक्षरओळख नाहीं, एवढेंच म्हणाल्या, ‘लेकरू कसं घट्ट धरलंय बघा.’ आणि त्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. परंतु आमचे वयोवृद्ध वडील एकाएकीं सतेज झाले. ‘पाळकसाहेब,’ ते म्हणाले, ‘ही आपली आहे! आपल्या देवळांतून लुटून आणिलेली. हिच्याबद्दल कोणीतरी अर्ज केला पाहिजे. निदान येथें पाटी तरी लागली पाहिजे.’

वाचकहो, हेच गृहस्थ तासाभरापूर्वीं दरवाजाशीं ‘गेलें तें गेलें’ म्हणत होते. मीं त्यांची थट्टा करावी म्हणून हें लिहीत नाहीं. कारण त्या क्षणीं माझ्याही छातींत तोच ‘आपली’ हा शब्द उठला होता. खांबास हात लावून वेठीच्या लोकांचा विचार करणारा मी, घंटा पाहतांच धनी झालों होतों.

मग मीं त्यांस विचारिलें, ‘आपली म्हणजे कोणत्या नात्यानें?’

‘ख्रिस्ती म्हणून.’

‘बरें. वसई प्रांत १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता. त्या काळांत त्यांनीं त्यांच्या अमलांतील हिंदूंचीं देवालयें मोडलीं. गोमंतकांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडल्यास, धर्मसमीक्षण सभा बसत असे, आणि घरांत जुनी चालरीत पाळली एवढ्यावरून नवख्रिस्ती लोकांस तेथें शिक्षा होत. हेंही आपलें म्हणावयाचें काय?’

‘छे! ते पोर्तुगीज होते. शिवाय आपण त्या पंथाचे नव्हे.’

‘मग घंटा तरी आपली कशी?’

ते कांहीं वेळ घंटेकडे पाहत राहिले व मग प्रांजळपणें म्हणाले, ‘ह्याचें उत्तर मजजवळ नाहीं.’ माझ्याजवळही तयार नव्हतें. पण परतीच्या वाटेनें चालतांना तें हळूहळू उलगडूं लागलें, तें असें.

पूर्वजांच्या कृत्यांचे आपण वारस आहों कीं नाहीं? शास्त्रांत दोन्ही बाजू दिसतात. निर्गमाच्या विसाव्या अध्यायांत बापांच्या अन्यायाचें फळ पुढल्या पिढ्यांपर्यंत पोंहोंचतें असें आहे. यहेज्केलाच्या अठराव्यांत मुलाचा दोष बापाच्या माथीं नाहीं व बापाचा मुलाच्या माथीं नाहीं असा न्याय सांगितला आहे. पुष्कळ उपदेशक ह्यांपैकीं सोयीचा अध्याय उघडतात. परंतु ह्यांत विरोध आहे असें मला वाटत नाहीं. दोष व देणें ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत.

आपल्या देशाच्या जुन्या धर्मशास्त्रास हा भेद चांगला ठाऊक होता. बापाचें ऋण पुत्रानें फेडावें असें तें सांगे. परंतु दारू व जुगार ह्यांपायीं केलेलें ऋण पुत्रावर बांधीत नसे. बापाचें दुर्वर्तन मुलाचें नव्हे, मात्र बापानें घेऊन घरांत घातलेल्या धान्याची किंमत मुलानें द्यावी, कारण तें धान्य तोही जेवला. पुत्रावरील हें बंधन २००५ च्या कायद्याच्या दुरुस्तीनें पुढील ऋणांपुरतें उठलें. त्यामागची समज मात्र कायद्यानें उठण्यासारखी नाहीं. आणि दत्तक पुत्राची गोष्ट घ्या. त्यानें नांव घेतलें, घर घेतलें. मग वह्यांतील देण्याची बाजू आली कीं ‘मी रक्ताचा नव्हे’ असें त्यास म्हणतां येत नाहीं. आपणही दत्तकपणाच्या भाषेंत पुष्कळ बोलतों. ख्रिस्ती मंडळीच्या संतांचीं, हुतात्म्यांचीं, शाळा व दवाखाने काढणाऱ्यांचीं नांवें आपण दत्तकाच्या हक्कानें घेतों. तर मग गोमंतकांतील त्या सभेचीं पानेंही त्याच वहीत आहेत. घंटा आपली म्हणणाऱ्यानें तींही आपलीं म्हटलीं पाहिजेत. तीं नको असतील तर घंटेवरचा हातही काढावा.

हाच नियम वाड्याच्या वारसांस लागतो. नाना १७४२ सालीं जन्मले, वसई त्यांच्या जन्मापूर्वीं तीन वर्षें पडली. घंटा लुटणारे ते नव्हत. परंतु तिचा नाद त्यांच्या घाटावर झाला. १७९१ सालीं पुण्याच्या घाशीराम कोतवालानें कोंडलेले अनेक ब्राह्मण गुदमरून मेले व चवताळलेल्या लोकांनीं कोतवालास दगडांनीं ठार केलें. कोंडणारे नाना नव्हत, पण कोतवाल त्यांच्या कारभारांतील होता.

मी परत आलों तेव्हां तरुण उपदेशक झाडाखालीं बसलेला होता. मीं त्याच्याजवळ बसलों व हा विचार त्यास सांगितला. तो ऐकून म्हणाला, ‘आपलें म्हणणें मला पटतें. परंतु तें ज्यांनीं घेतलें त्यांस लागू. आमच्या वाडवडिलांच्या घरीं मडक्यांत दाणा नव्हता. आम्हांस वारसानें मिळालें काय, आणि आम्ही देणें लागतों कोणाचें?’

प्रश्न रास्त होता. आणि ह्याचें उत्तर मात्र माझ्याजवळ होतें; तें मीं तीन वर्षें दाबून ठेविलें होतें.

माझे आजोबा महारवाड्यांतले. ठराविक दिवसांनीं त्यांच्या घरीं येसकरपाळी येई. पाळी आली म्हणजे घुंगुरकाठी घेऊन पाटलामागें फिरावयाचें, सरकारी कागद पुढल्या गांवीं पोंचवावयाचा, अंमलदाराचें ओझें वाहावयाचें, मेलेलें जनावर ओढावयाचें, आणि दिवस मावळल्यावर दारोदार भाकरी मागावयाची. बाप्तिस्मा झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं आजोबांनीं ती काठी चावडीपुढें ठेविली आणि ‘ही पाळी आजपासून माझी नव्हे’ असें पाटलास सांगितलें. ही गोष्ट आमच्या घरीं नाताळास सांगितली जाते. मींही ती व्यासपीठावरून अनेकदां सांगितली आहे, आणि लोकांचे डोळे पाणावलेले पाहिले आहेत.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या मूळ गांवीं एका मयतास मी गेलों होतों. तेथें एक अति वृद्ध गृहस्थ मला बाजूस घेऊन म्हणाले, ‘पाळकबाबा, तुमच्या आज्यानं काठी ठेवली खरी, पन ती उचलली कुनी, ते तुमी कवा सांगत न्हाई.’

ती उचलली होती आजोबांच्या धाकट्या भावानें. तो ख्रिस्ती झाला नव्हता. गांवानें दोन्ही पाळ्या त्याच्याच गळ्यांत घातल्या. एका पावसाळ्यांत सरकारी कागद घेऊन ओढा उतरतांना तो वाहून गेला, खडकावर आपटला, पाय मोडला व तो जन्मभर लंगडत राहिला. पाळी मग त्याच्या मुलांनीं केली. माझे वडील त्याच वर्षांत वसतिगृहांत राहून शाळा शिकत होते. १९५६ सालीं बाबासाहेब आंबेडकरांनीं दीक्षा घेतल्यावर तें घर बौद्ध झालें, १९५८ च्या कायद्यानें वतन सुटलें. पण शिकण्याचें वय गेलेलें होतें. दोन्ही घरांचें जाणें-येणें केव्हांच तुटलें होतें, आणि कां तुटलें ह्याचें कारण आमच्या बाजूस ‘त्यांस आमचा धर्म आवडला नाहीं’ एवढेंच सांगितलें जाई.

आजोबांनीं काठी ठेविली तें योग्यच केलें. ती त्यांनीं पुन्हां उचलावयास हवी होती असें कोण म्हणेल? अन्याय पाटलाच्या चावडीचा होता, आजोबांचा नव्हता. दोष मुळींच नाहीं. परंतु मी जें शिकलों, ज्या शिक्षणावर आज ह्या पत्रांत लिहितों, त्याची कांहीं किंमत दुसऱ्या एका माणसाच्या पायानें भरली आहे, आणि ती आमच्या वहीत कोठें मांडलेली नाहीं.

तरुण बराच वेळ बोलला नाहीं. मग त्यानें विचारिलें, ‘हें कळल्यावर आपण काय केलें?’

‘कांहीं नाहीं,’ मीं म्हणालों.

‘तीन वर्षें?’

‘तीन वर्षें. नाताळची गोष्ट मात्र सांगावयाचें सोडलें.’

गाडींत तो माझ्याशेजारींच बसला. ‘वाड्यांत काय काय होतें?’ असें त्यानें मध्येंच विचारिलें, तेव्हां मीं त्यास चौकांचें व चित्रांचें वर्णन केलें; त्यानें तें लक्ष देऊन ऐकिलें.

पुढल्या आठवड्यांत मी मूळ गांवीं गेलों. तोही बरोबर आला. चुलतभाऊ अंगणांत वैरण रचीत होते. माझ्याहून वडील, आम्ही एकमेकांशीं उभ्या जन्मांत दहा वाक्यें बोललों नसूं. त्यांनीं ओळखलें, क्षणभर थांबले, आणि ‘या, बसा’ म्हणून घोंगडी टाकली. भिंतीवर बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर होती. मीं आलों त्याचें कारण सांगावयास प्रारंभ केला, तो नीट जमला नाहीं. चुलती आंतून ऐकत होत्या. त्या उठून माळ्यावरून एक फडक्यांत गुंडाळलेली वस्तु घेऊन आल्या व माझ्यापुढें ठेवून म्हणाल्या, ‘ही तीच. मामंजींनीं जाळूं दिली न्हाई.’

काठीवर तीन घुंगुर उरले होते. मीं ती हातांत घेतली तेव्हां ते वाजले. चुलतभाऊ म्हणाले, ‘दादा, आतां चहा घ्या.’ मी त्यांच्याहून धाकटा, तरी त्यांनीं दादा म्हटलें. पाहुण्यास म्हणावें तसें कीं भावास, हें मला अजून कळलें नाहीं.

चहा होईपर्यंत त्यांची मुलगी दाराशीं उभी होती. बारावी झालेली, परिचारिकेच्या शिक्षणास जावयाची तिची इच्छा, परंतु अर्ज कोठें व कसा करावा, कोणते दाखले लागतात, हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें. आमच्या घरीं हीं कामें तीन पिढ्या येतात. तरुण उपदेशकानें आपल्या मोबाईलवर माहिती काढिली, मीं कागद घेऊन यादी करावयास बसलों. शाळा सोडल्याचा दाखला होता, जातीचा दाखला आजोबांच्या नोंदीवरून काढावा लागणार होता. मुलगी एकेक कागद आणून देत होती. आजोबांच्या भावाचें पूर्ण नांव मला प्रथमच, त्या यादींत लिहितांना, कळलें.